स्वस्त की परवडणारा? नव्या आणि रिफर्बिश्ड टॅबलेटचा हिशेब

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत दाणा आणि मसाल्याची जी पेढी असे, तिची ओळख एकेकाळी लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांवरून होत असे. मस्जिद बंदरच्या परिसरातील व्यापार खाडी ओलांडून नवी मुंबईत आला, तेव्हा या चोपड्याही त्याच्याबरोबर आल्या. आज त्याच गादीशेजारी टॅबलेट ठेवलेला दिसतो. मालाचे छायाचित्र खरेदीदाराला पाठवणे, ई-वे बिल काढणे, येणे-देणे तपासणे ही सारी कामे त्याच्यावर होतात. सायंकाळी नेरूळच्या किंवा सीवूड्सच्या घरी दुसरा टॅबलेट नातवाच्या अभ्यासाला लागतो आणि तिसऱ्यावर आजी प्रवचन ऐकतात. खर्चाच्या वहीत हा आकडा लहान राहिलेला नाही. म्हणूनच अनेक घरांत एक प्रश्न विचारला जातो: नवा घ्यावा, की रिफर्बिश्ड घेऊन पैसे वाचवावेत?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर भावफलकावर मिळत नाही. व्यापारी माणूस धान्याचा भाव पाहताना ओलावा, काडीकचरा आणि साठवणीतील घट मनात धरतो. तीच दृष्टी येथे लावली पाहिजे.

रिफर्बिश्ड म्हणजे नेमके काय?

सेकंडहँड आणि रिफर्बिश्ड हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. सेकंडहँड वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जशीच्या तशी जाते. रिफर्बिश्ड वस्तू मात्र तपासलेली, आवश्यक तेथे दुरुस्त केलेली, आधीच्या मालकाची माहिती पुसलेली आणि काही मुदतीच्या हमीसह विकलेली असावी, अशी अपेक्षा असते. ‘ओपन बॉक्स’ हा तिसरा प्रकार आहे. ग्राहकाने खोके उघडून परत केलेली किंवा दुकानात मांडून ठेवलेली वस्तू त्या नावाने विकली जाते. ‘ए ग्रेड’, ‘बी ग्रेड’ ही प्रतवारी बहुधा विक्रेत्याने स्वतः ठरवलेली असते आणि ती मुख्यतः बाह्य स्वरूपाची असते. काचेवर ओरखडा नाही एवढ्यावर ‘ए’ मिळू शकतो. आतल्या बॅटरीची स्थिती त्या अक्षरातून कळत नाही.

हा व्यापार आता लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्यांपुरता राहिलेला नाही. कॅशिफायसारख्या कंपन्या जुनी उपकरणे विकत घेऊन, तपासून पुन्हा विकतात. 2022 च्या जानेवारीत फ्लिपकार्टने यंत्रा ही याच व्यवसायातील कंपनी विकत घेतली. शासनाचे धोरण मात्र सावध राहिले आहे. परदेशात वापरलेले आयफोन भारतात आणून विकण्याची ॲपलची मागणी 2016 मध्ये मान्य झाली नाही.

भाव पाहू नये, वर्षाचा खर्च पाहावा

टॅबलेटचे आयुष्य दोन गोष्टी ठरवतात. पहिली म्हणजे उत्पादक कंपनीकडून मिळणारे सुरक्षा अद्यतन आणि दुसरी म्हणजे बॅटरी.

अद्यतन थांबले तरी टॅबलेट त्या दिवशी बंद पडत नाही. मात्र नव्या सापडलेल्या त्रुटींवर त्याला उपाय मिळत नाही आणि हळूहळू एकेक ॲप त्याच्यावर चालेनासे होते. उदाहरणार्थ, 2018 च्या सहाव्या पिढीच्या आयपॅडला 2024 मध्ये आलेली आयपॅड ओएस 18 मिळाली नाही, तर 2019 च्या सातव्या पिढीच्या आयपॅडला 2025 मध्ये आलेली पुढची आवृत्ती मिळाली नाही. अँड्रॉइड टॅबलेटमध्ये ही मुदत कंपनीनुसार आणि मॉडेलनुसार बदलते. स्वस्त मॉडेलला ती बहुधा कमी असते, महागड्याला अधिक. विंडोज टॅबलेट घेणाऱ्याने तर अधिक जपावे. विंडोज 10 चे नियमित समर्थन 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले आणि 2017 चा सरफेस प्रो विंडोज 11 साठी अधिकृतपणे पात्र नाही. असे टॅबलेट दिसायला देखणे असतात, म्हणूनच फसगत होते.

आता हिशेब मांडू. समजा, एक नवा टॅबलेट 30,000 रुपयांना मिळतो आणि त्याला सहा वर्षे अद्यतन मिळणार आहे. तेच मॉडेल, तीन वर्षे जुने, रिफर्बिश्ड स्वरूपात 18,000 रुपयांना उपलब्ध आहे. सूट 40 टक्क्यांची, म्हणजे 12,000 रुपये वाचले असे वाटते. परंतु नव्याचा खर्च वर्षाला 5,000 रुपये पडतो, तर उरलेल्या तीन वर्षांसाठी जुन्याचा 6,000. आयुष्य निम्मे उरले असताना किंमत निम्म्याहून अधिक दिली, म्हणून स्वस्त वस्तू महाग पडली. तीच वस्तू 12,000 ला मिळाली असती, तर वर्षाचा खर्च 4,000 वर आला असता आणि व्यवहार लाभाचा ठरला असता.

हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एखादे कुटुंब तीन वर्षांनी टॅबलेट बदलतेच, असे धरू. नवा 30,000 चा टॅबलेट तीन वर्षांनी 10,000 ला विकला, तर निव्वळ खर्च 20,000, म्हणजे वर्षाला सुमारे 6,667 रुपये होतो. 18,000 चा रिफर्बिश्ड तीन वर्षांनी 2,000 ला गेला, तर वर्षाला सुमारे 5,333 रुपये पडतात. येथे जुना जिंकतो. तात्पर्य असे की, जो वस्तू शेवटपर्यंत वापरतो त्याला नवा परवडतो आणि जो लवकर बदलतो त्याने पहिल्या वर्षांची मोठी घसरण दुसऱ्याच्या माथी राहू देणे शहाणपणाचे. खरेदीपूर्वी प्रत्येक घराने आपली सवय प्रामाणिकपणे ओळखावी.

बॅटरीचा खर्च यात धरावाच लागतो. आयपॅडची बॅटरी 1,000 पूर्ण चार्जिंगनंतरही मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांपर्यंत राहील अशी तिची रचना असल्याचे ॲपल सांगते. दुकानात दिवसभर चालणारा टॅबलेट हा आकडा तीन वर्षांत गाठू शकतो. टॅबलेटमधील बॅटरी बहुधा गोंदाने चिकटवलेली असते. ती बदलणे घड्याळाचा सेल बदलण्याइतके सोपे नसते आणि स्वस्तही नसते.

जीएसटीचा विचार

व्यापारी कुटुंबाच्या बाबतीत आणखी एक बाब निर्णायक ठरते. टॅबलेटवर 18 टक्के जीएसटी आहे. 30,000 च्या किमतीत सुमारे 4,576 रुपये कर असतो. पेढीच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह, व्यवसायासाठी खरेदी केली आणि पेढी करपात्र मालाचा व्यापार करीत असेल, तर हा कर इनपुट क्रेडिट म्हणून मिळू शकतो. मग खरी किंमत 25,424 वर येते आणि सहा वर्षे वापरल्यास वर्षाचा खर्च सुमारे 4,237 रुपये होतो.

जुन्या वस्तूंच्या विक्रेत्यांना मात्र नियम 32(5) नुसार केवळ खरेदी-विक्रीतील फरकावर कर भरण्याची मुभा आहे. अशा बिलात पूर्ण किमतीवरचा कर दाखवलेला नसतो, त्यामुळे क्रेडिटचा लाभ नगण्य असतो किंवा मिळतच नाही. पेढीसाठी तुलना करताना 18,000 ची बरोबरी 30,000 शी न करता 25,424 शी करावी.

हा लाभ सर्वांना सारखा नाही. मसाल्याचा व्यापारी कर भरतो, म्हणून त्याला क्रेडिटचा उपयोग होतो. सुटे, वेष्टनाविना धान्य किंवा कांदा-बटाटा विकणाऱ्याचा माल करमुक्त असल्याने त्याला त्या प्रमाणात क्रेडिट मिळत नाही. कंपोझिशन योजनेतील दुकानदारालाही ते मिळत नाही. क्रेडिट घेतलेली वस्तू पुढे विकताना करदायित्व येते, हेही लक्षात ठेवावे. आपल्या चार्टर्ड अकाउंटंटला एक प्रश्न विचारल्याने हा सारा गुंता सुटतो.

याची दुसरी बाजू अशी की, ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये व्यापारी हेतूने केलेली खरेदी ‘ग्राहक’ या व्याख्येबाहेर ठेवली आहे. पेढीच्या नावाने घेतलेल्या टॅबलेटबाबत तक्रार झाल्यास समोरचा पक्ष हाच मुद्दा मांडू शकतो. घरच्या वापराचा टॅबलेट म्हणूनच घरातील व्यक्तीच्या नावाने घ्यावा. तसे असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आणि जिल्हा आयोग हे दोन्ही मार्ग खुले राहतात. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही.

पेढीचा पैसा आणि जुने उपकरण

ज्या टॅबलेटवरून बँकेचे व्यवहार होतात, त्याला वेगळा निकष लावावा. अद्यतन थांबलेल्या उपकरणावर नेट बँकिंग चालवणे म्हणजे गल्ल्याची किल्ली खिळ्यावर टांगून ठेवणे. अनधिकृत व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने ग्राहकाला आधार दिला. चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच कुणामुळे व्यवहार झाला असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर दायित्व येत नाही, असे त्यात म्हटले होते. मात्र ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतची झळ त्यालाच सोसावी लागते. काही हजार वाचवण्यासाठी चालू खात्यातील रक्कम पणाला लावू नये. फसवणूक झालीच, तर 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

नवा म्हणजे चांगलाच, असेही नाही

रिफर्बिश्डला घाबरून अगदी स्वस्तातला नवा टॅबलेट घेणे, हीही चूक ठरू शकते. ‘आकाश’ची आठवण येथे उपयोगी आहे. 5 ऑक्टोबर 2011 रोजी केंद्र शासनाने डेटाविंड कंपनीने बनवलेला हा विद्यार्थ्यांसाठीचा टॅबलेट सादर केला. त्यात 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम आणि दाब देऊन चालणारा पडदा होता. हेतू उदात्त होता, पण वेग फार कमी पडला. पुढे पवईच्या आयआयटी मुंबईकडे प्रकल्पाची धुरा आली आणि नोव्हेंबर 2012 मध्ये सुधारित ‘आकाश 2’ आला. त्याला एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि अधिक चांगला पडदा द्यावा लागला. क्षमता अपुरी असेल, तर नवेपणाचा उपयोग होत नाही. दोन वर्षे जुना, मध्यम श्रेणीतील, पुरेशी रॅम असलेला टॅबलेट नातवाच्या अभ्यासाला अगदी स्वस्तातल्या नव्यापेक्षा अधिक वर्षे साथ देऊ शकतो.

घेण्यापूर्वीची तपासणी

रिफर्बिश्ड घेण्याचे ठरले, तर पुढील बाबी दुकानातच पाहून घ्याव्यात.

मॉडेलचे नेमके नाव आणि ते बाजारात कधी आले ते वर्ष पाहून अद्यतनाची मुदत कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावी. उरलेली मुदत तीन वर्षांहून कमी असेल, तर मुख्य कामासाठी तो टॅबलेट घेऊ नये.

टॅबलेट पूर्णपणे रिसेट करून, स्वतःच्या खात्याने सुरू करून पाहावा. आयपॅडवर ॲक्टिव्हेशन लॉक आणि अँड्रॉइडवर जुन्या गूगल खात्याचे कुलूप असेल, तर ती वस्तू विटेइतकीच उपयोगी. विक्रेत्याने ‘नंतर काढून देतो’ म्हटले, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

सिम असलेल्या टॅबलेटचा आयएमईआय क्रमांक ‘केवायएम’ ही तीन इंग्रजी अक्षरे आणि त्यापुढे क्रमांक लिहून 14422 वर संदेशाने पाठवावा. चोरीची नोंद असल्यास तेथे कळते. केवळ वायफायवर चालणाऱ्या टॅबलेटला आयएमईआय नसतो. त्याचा अनुक्रमांक खोक्यावर, बिलावर आणि सेटिंगमध्ये एकच आहे, याची खात्री करावी.

पडद्यावर पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा रंग आणून डाग पाहावेत. कडेपासून पडदा उचलला गेला असेल, तर आतली बॅटरी फुगली असण्याची शक्यता असते. अशी वस्तू फुकट मिळाली तरी घरात आणू नये. अर्धा तास चित्रफीत चालवून किती टक्के चार्ज उतरतो ते पाहावे.

हमी लेखी घ्यावी आणि तीत बॅटरीचा समावेश आहे का, हे वाचावे. पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ई-कचरा नियम 2022 नुसार नूतनीकरण करणाऱ्या उद्योगाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. ती आहे का, असे विचारण्यात संकोच नसावा.

आपला जुना टॅबलेट विकतानाही हीच काळजी उलट बाजूने घ्यावी. खात्यातून बाहेर पडून, सर्व माहिती पुसूनच तो दुसऱ्याच्या हाती द्यावा. त्यात पेढीच्या ग्राहकांचे पत्ते आणि येणी असतात. ती आपली एकट्याची मालमत्ता नसते.

निवड कुणी कशी करावी?

पेढीचे व्यवहार, बँक आणि जीएसटी यांसाठी नवा टॅबलेट घ्यावा, तो पक्क्या बिलाने घ्यावा आणि शेवटपर्यंत वापरावा. विद्यार्थ्यासाठी उरलेले आयुष्य आणि किंमत यांचे प्रमाण जुळत असेल, तर रिफर्बिश्ड निश्चित विचारात घ्यावा. प्रवचन ऐकणे, पुस्तक वाचणे, दूरच्या मुलांशी बोलणे एवढ्यासाठी चांगल्या स्थितीतील जुना टॅबलेट पुरेसा आहे. त्यात बँकेचे ॲप मात्र ठेवू नये.

आणि या साऱ्याच्या आधी एक कपाट उघडून पाहावे. अनेक घरांत एखादा टॅबलेट केवळ नवा आला म्हणून बाजूला पडलेला असतो. त्याची बॅटरी बदलून तो आजींच्या हाती दिला, तर त्या घरापुरता नवा की जुना हा प्रश्न उरतच नाही आणि वहीत खर्चाची एक ओळ कमी होते.