पाळकाचे सहा दिवस

"पाळकसाहेबांचं काय हो, आठवड्यातून एकच दिवस काम! रविवारी सकाळी तासभर बोलले, की सहा दिवस मोकळे." खेड्यापाड्यांत हे वाक्य थट्टेने बोलले जाते. ऐकणाऱ्यांत जे शिक्षक असतील त्यांना ते ओळखीचे वाटेल. "मास्तरांचं काय, अकराला शाळा, पाचला सुट्टी आणि वर उन्हाळ्यात आराम," हे त्याचेच सख्खे भावंड. मास्तरांच्या घरी रात्री वह्यांच्या गठ्ठ्यापाशी दिवा किती वेळ जळतो, ते थट्टा करणाऱ्याला दिसत नाही. पाळकाच्या सहा दिवसांचेही तसेच आहे. त्या सहा दिवसांविषयी आज चार शब्द सांगायचे आहेत.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. ख्रिस्ती धर्मगुरू दिसला, की आपल्याकडे कोणी त्याला 'फादर' म्हणतो, कोणी 'पाद्री', तर कोणी सरळ 'मिशनरी'. यांपैकी 'पाद्री' हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला, आणि त्याचा मूळ अर्थ 'बाप' असाच आहे. वसईकडचे, गोव्याकडचे कॅथलिक धर्मगुरू ते फादर. ते लग्न करीत नाहीत. मराठीला 'क्रिस्तपुराण' देणारे फादर स्टीफन्स याच परंपरेतले. तो ग्रंथ १६१६ साली छापला गेला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हेही तुम्हांला आठवत असेल. 'मिशनरी' म्हणजे धर्मप्रसारासाठी धाडलेला माणूस. आपल्याकडे तो बहुधा परदेशातून आलेला असे. आणि प्रॉटेस्टंट पंथांचा जो धर्मगुरू, तो पाळक. त्याला बायकोमुले असतात, घरखर्च असतो, आणि त्याचे आजेपणजे बहुधा याच मातीत राबलेले असतात. ज्या समाजाचा तो पाळक, त्याला 'मंडळी' म्हणतात. इमारतीला कोणी चर्च म्हणते, कोणी देऊळ म्हणते. मंडळी म्हणजे मात्र माणसे.

'पाळक' हा शब्द मेंढपाळाच्या घरातला आहे. दिवाळी झाली, की आपल्या कोरडवाहू भागातले धनगर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात, हे तुम्ही पाहिले असेल. शेदोनशे मेंढरे आपल्याला सारखीच दिसतात. धनगराला मात्र त्यातली लंगडी कोणती, गाभण कोणती, काट्यात शिरणारी खोडकर कोणती, हे अंधारातसुद्धा कळते. येशूने लूकच्या शुभवर्तमानात हाच दाखला दिला आहे. शंभर मेंढरांतले एक हरवले, तर मेंढपाळ नव्व्याण्णव रानात ठेवून त्या एकाच्या शोधात निघतो. हिशेबाच्या दृष्टीने हा व्यवहार वेडेपणाचा आहे. पाळकाचे सगळे काम मात्र या वेडेपणावरच उभे आहे.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरात, या कामाची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे केले. 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक १८४२ साली तेथेच निघाले. आरंभी पाळकाचे काम परदेशी मिशनरी करीत, पण लवकरच ते इथल्या माणसांच्या हाती आले. 'यमुनापर्यटन' या १८५७ सालच्या पुस्तकामुळे ठाऊक असलेले बाबा पदमनजी हेही पुढे पाळक झाले. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि अभंग, भजन, कीर्तन हे आपले मराठी धन ते ख्रिस्ती उपासनेत घेऊन आले. म्हणून आजही खेड्यातल्या उपासनेला गेलात, तर सतरंजीवर मांडी घातलेली माणसे, बाजाची पेटी, टाळ आणि ढोलकी हेच तुम्हांला भेटेल. दारात काढलेल्या चपलांचा ढीगही आपल्या ओळखीचाच. १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाले, आणि नगरकडच्या पुष्कळ मंडळ्या त्यात आहेत.

शिक्षकांनी ध्यानात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट. पूर्वी पुष्कळ खेड्यांत मिशनच्या शाळेचा मास्तर आणि मंडळीची प्रार्थना चालवणारा माणूस एकच असे. दिवसा मुलांना बाराखडी शिकवायची आणि रात्री कंदील लावून त्यांच्या आईबापांना शास्त्र वाचून दाखवायचे. या दोन्ही धंद्यांत नाते आहे, ते असे जुने आहे.

आता प्रत्यक्ष सहा दिवसांकडे वळू. माझ्या परिचयाचे एक पाळक याच जिल्ह्यात आहेत. त्यांचे नाव-गाव सांगत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. मंडळी लहान, चाळीसएक घरांची. सुट्टीत मी त्यांच्याकडे काही दिवस राहिलो होतो. सोमवारी सकाळी चहा घेऊन ते निघाले, तेव्हा मी म्हटले, "कालच तर एवढा वेळ बोललात, आज तरी विश्रांती घ्या." ते हसून म्हणाले, "काल आले होते त्यांचं काम काल झालं. जे आले नव्हते त्यांचं आज."

म्हणजे रविवारी गीते चाललेली असताना हा गृहस्थ मनातल्या मनात हजेरी घेत असतो! कोण बाजाराला गेले, कोण पाहुण्यांत अडकले, हे त्यांना ठाऊक असते. ज्याचे कारण ठाऊक नाही, त्याच्या दारी सोमवारी जायचे.

अशीच एक म्हातारी तीन रविवार आली नव्हती. पाळक गेले, ओट्यावर बसले, पावसापाण्याचे बोलले. निघता निघता बाई म्हणाल्या, "थाळी फिरती तव्हा टाकायला काय नसतं, साहेब. शेजारची बघती." उपासनेत अर्पणाची थाळी रांगांमधून फिरते, आणि त्या थाळीपुढे हात रिकामा राहिल्याने ही बाई तीन आठवडे देवाच्या घरी आली नव्हती. पाळकांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. मात्र पुढल्या रविवारपासून थाळी फिरवणे बंद झाले आणि दाराशी एक पेटी आली. येता-जाता ज्याला जे टाकायचे ते त्याने टाकावे. पंचांपैकी काहींनी कुरकुर केली, की उत्पन्न घटेल. थोडे घटलेही. म्हातारी परत आली. मला हे सांगताना त्यांनी बाईचे नाव घेतले नाही, आणि मीही विचारले नाही.

मंगळवार-बुधवार असेच जातात. कोणी तालुक्याच्या दवाखान्यात असतो, तेथे जायचे. मी त्यांना विचारले, "आजाऱ्यापाशी तुम्ही बोलता तरी काय?" ते म्हणाले, "बोलायला काही नसतं, तेव्हा बसायचं असतं." कुठे दोघा भावांचा बांधावरून तंटा असतो. तेथे पाळकाच्या हाती ना तलाठ्याचा कागद, ना फौजदाराची काठी. दोघांचाही चहा घेऊन दोघांचेही ऐकायचे, आणि एकाचे दुसऱ्याला सांगायचे नाही, एवढेच त्यांचे हत्यार.

आणि रात्री-अपरात्री दार वाजते. "साहेब, आबा गेले." मग उठायचे. पोरे खड्डा खणायला लागतात, पाळक घरच्यांपाशी बसतात. सकाळी मातीला सारा गाव लोटतो, त्यात जातपात राहत नाही. तेथे पाळकाचे बोलणे थोडकेच असते. पण त्यांचा खरा कस लागतो तो महिन्याने. सोयरेधायरे परत गेलेले असतात, घर सुने पडलेले असते. त्या वेळी जाऊन बसणारा माणूस बहुधा हा एकच.

पाळकाच्या कपाटात नोंदवह्या असतात: बाप्तिस्म्याची, लग्नाची, दफनाची. हे काम कारकुनी वाटते, पण त्यामागे कायदा उभा आहे. १८७२ सालच्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यान्वये लग्न लावण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याला लग्नाची नोंद ठेवावी लागते आणि साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या लागतात. नवरा एकवीस वर्षांचा, नवरी अठरा वर्षांची, आणि दोघांपैकी कोणाचाही आधीचा जोडीदार हयात नाही, याची खात्री हवी. "साहेब, दोन महिन्यांनीच भरतील की अठरा," अशी गळ घातली जाते. तेथे पाळकाला नाही म्हणावे लागते, आणि नाही म्हटल्यावरही त्या घराशी बोलणे ठेवावे लागते.

पण नोंदवहीपुढचा सर्वांत कठीण प्रसंग वेगळा असतो, तो स्पष्टच सांगतो. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी जोडल्या गेल्या. त्या आरंभी हिंदूंनाच होत्या. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्याला त्या मिळत नाहीत. विहिरीवर, वस्तीत, लग्नाच्या बाजारात मात्र त्याची जुनी जात लोक विसरलेले नसतात.

असाच एक बाप या पाळकांकडे आला. म्हणाला, "पोराला बाप्तिस्मा द्या, पण वहीत लिहू नका. उद्या पोरगं शिकलं, तर दाखल्याला आड येईल." पाळकांनी रात्र विचारात काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले, की बाप्तिस्मा दिला तर तो मी लिहीन. खोटी वही मला ठेवता येणार नाही. बाप मान खाली घालून गेला. त्या मुलाचा बाप्तिस्मा अजून झालेला नाही. मुलगा मात्र रविवारी येतो, मागे बसतो, आणि पाळकही त्या घरी पूर्वीसारखेच जातात. मी विचारले, "तुम्ही केलंत ते बरोबर, असं वाटतं का?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वही माझी आहे, पोट त्यांचं आहे. मी खोटं लिहिलं नाही, एवढंच सांगू शकतो. त्यांना चूक म्हणायचा मला अधिकार नाही." धर्मशास्त्राच्या ग्रंथांत याचे उत्तर असेल, पण पाळकाला ते त्या ओट्यावर बसून द्यावे लागते.

हे सर्व पेलायला शिक्षण लागते. सेरामपूरचे कॉलेज १८१८ पासून चालू आहे. धर्मशास्त्राची पदवी त्या परंपरेची असते. पुण्यातही असे विद्यालय आहे. ते पूर्वी यवतमाळला होते. हिब्रू-ग्रीकची तोंडओळख होते, इतिहास शिकवतात, प्रवचन कसे बांधावे ते सांगतात. पंडिता रमाबाईंनी तर केडगावी बसून मूळ भाषांवरून अवघे बायबल सोप्या मराठीत आणले, आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. अडाणी बाईलाही ते कळावे, हा त्यामागचा ध्यास. आमचे पाळकही शनिवारी रात्री प्रवचनाचे टिपण करतात, तेव्हा त्या थाळीवाल्या म्हातारीला डोळ्यांपुढे ठेवतात. तिला कळेल असे नसेल, ते खोडून टाकतात.

पाळकाविषयी बोलताना पाळकीणबाईंना विसरून चालणार नाही. वेतन बहुधा मंडळीच्या वर्गणी-अर्पणातून निघते, म्हणजे पाऊस नाही पडला तर तेही आटते. काही वर्षांनी बदली होते, की मुलांची शाळा बदलते. आणि चुलीवर दोन भाकरी नेहमी जास्त थापाव्या लागतात. घर सर्वांसाठी उघडे ठेवणे म्हणजे काय, हे ज्यांना जाणून घ्यायचे असेल त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचावीत. टिळक देऊन मोकळे होत, आणि संसाराची दोन टोके जुळवीत लक्ष्मीबाई.

निघण्याच्या आदल्या रात्री मी त्यांना एक प्रश्न विचारला. "तुम्ही सगळ्यांचं ऐकता. तुमचं कोण ऐकतं?" मला वाटले, 'देव ऐकतो' असे ठरलेले उत्तर येईल. ते म्हणाले, "खरं सांगू? कधीकधी वाटतं, कोणीच नाही. मग मी नावं घेतो." म्हणजे दिवा मालवल्यावर वरच्या आळीपासून एकेक घर डोळ्यांपुढे आणायचे, प्रत्येकाचे नाव घ्यायचे, आणि देवापुढे ठेवायचे. भांडलेल्यांचेही आणि त्या मागे बसणाऱ्या मुलाचेही. "सगळी होतात?" मी विचारले. "कुठली! निम्म्यावर झोप लागते. उरलेली सकाळी."

शिक्षकहो, रोज सकाळी तुम्हीही हजेरीपटावरची नावे घेता. एखादा 'हजर' आला नाही, तर आपण तेथे फुली मारतो. त्या फुलीपाशी थांबून 'का आला नाही बरे?' असे स्वतःला विचारणे, एवढेच या पाळकाचे सहा दिवसांचे काम आहे. ते काम कोणत्याही धर्माच्या माणसाला करता येते.

तेव्हा सोमवारी दुपारी उन्हातून फटफटीवर चाललेले पाळक दिसले, तर त्यांना हाक मारा. "सलाम साहेब, या, चहा घेऊन जा. आज तुमचा कामाचा दिवस," असे म्हणा. आणि ते बसले, की निदान एकदा तुम्ही त्यांचे ऐका.