उभी रेघ : एका ओळीत अनेक कमांड

मंडळी, विम एडिटरमध्ये कोलन दाबलं की खाली कमांड लिहायला जागा मिळते, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे तीन कामं एकदम सांगायची असतील तर मध्ये उभी रेघ टाकतात. समजा, लांबलचक यादी साफ करायची आहे : दोन स्पेसची एक करा | 'पूणे'चं 'पुणे' करा | फाइल सेव्ह करा. दिसायला सोपं आहे. पण रेघेचे तीन नियम माहीत नसतील, तर काम अर्धवट राहतं आणि आपल्याला वाटतं झालं.

पहिला नियम. मधली एक कमांड चुकली की पुढच्या थांबतात. फाइलमध्ये दोन स्पेस कुठेच नसतील, तर विम म्हणतो, 'सापडलं नाही', आणि तिथेच थांबतो. 'पूणे' तसंच राहतं, फाइलही सेव्ह होत नाही. यावर उपाय आहे. बदलाच्या कमांडच्या शेवटी 'ई' हे अक्षर जोडा. मग न सापडणं ही चूक धरली जात नाही.

दुसरा नियम. प्रत्येक कमांडची हद्द वेगळी. टक्केचिन्ह म्हणजे अख्खी फाइल. ते पहिल्या बदलाला लावलं म्हणून दुसऱ्याला आपोआप लागत नाही. दुसरा बदल फक्त कर्सर असलेल्या एका ओळीवर होतो. म्हणून टक्केचिन्ह दोन्हीकडे लिहायचं.

तिसरा नियम जास्त महत्त्वाचा. 'ग्लोबल' ही कमांड जुनी आहे, केन थॉम्पसन यांच्या 'एड' एडिटरमधली. 'ग्रेप' हे नावही तिच्यावरूनच आलं. ती दोन फेऱ्यांत चालते. आधी जुळणाऱ्या ओळींवर खूण करते, मग खुणेच्या एकेका ओळीवर जाऊन सांगितलेलं काम करते. आता गंमत बघा. ग्लोबलच्या पुढे रेघ टाकून जे लिहाल, ते सगळं ती आपल्याच कामाचा भाग समजते. प्रत्येक ओळीवर दोन बदल हवे असतील तर हे सोयीचंच आहे. पण शेवटी 'सेव्ह करा' लिहिलंत आणि ५०० ओळी जुळल्या, तर फाइल ५०० वेळा सेव्ह होणार! सेव्ह वेगळ्या ओळीत द्या, नाहीतर अख्खी ग्लोबल कमांड अवतरणचिन्हांत घालून 'एक्झिक्यूट'ला द्या. मग रेघ तिच्या बाहेर राहते.

एक दिलासा आहे. ग्लोबलने शेकडो ओळी बदलल्या तरी एकदा 'यू' दाबलं की सगळं पूर्ववत होतं.

तेव्हा रेघ टाकण्याआधी स्वतःला विचारा : ही रेघ कोणाची? दोन कमांडच्या मधली, की पहिलीच्या पोटातली? एवढं ठरलं की ओळ कितीही लांब असू द्या, तिचं काय होणार हे आधीच कळतं.