टक्कल, संप्रेरके आणि कोंड्याचा शाम्पू : एका जोडउपचाराचा मागोवा

टकलाचा पुरुषी संप्रेरकांशी असलेला संबंध 1942 मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवून दिला. वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण निकामी झाले होते किंवा काढून टाकले होते, अशा पुरुषांना टक्कल पडत नव्हते. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जाऊ लागले. म्हणजे एकटे संप्रेरकही पुरेसे नाही आणि एकटा अनुवंशही नाही. दोन्ही एकत्र आले की टक्कल पडते. पुढचे सारे उपचार या निष्कर्षावर उभे आहेत.

नेमके कोणते संप्रेरक जबाबदार, हे कळायला आणखी तीन दशके लागली. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत 5-अल्फा रिडक्टेज या विकराची जन्मजात कमतरता असल्याचे ज्युलिअ‍ॅन इम्पेराटो-मॅकगिन्ली या संशोधिकेने 1974 मध्ये मांडले. टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी, हे विकरच करते. या कुटुंबांतल्या बाधित पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही आणि त्यांना टक्कलही पडत नसे. मग हे विकर अडवणारे औषध शोधले गेले. त्यातून आलेल्या फिनास्टेराइडला अमेरिकेत 1992 मध्ये प्रोस्टेटच्या वाढीसाठी 5 मिलिग्रॅमची आणि 1997 मध्ये टकलासाठी 1 मिलिग्रॅमची मान्यता मिळाली. ही गोळी रक्तातले डीएचटी सुमारे 70 टक्क्यांनी खाली आणते.

या गोळीला जोड म्हणून दिल्या जाणाऱ्या शाम्पूची वाट मात्र अगदी वेगळी. किटोकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या गोळ्या वापरात आल्या आणि जास्त मात्रा घेणाऱ्या काही पुरुषांच्या छातीला सूज येऊ लागली. शोध घेतल्यावर कळले, की हे औषध शरीरात टेस्टोस्टेरॉन तयार होण्याच्या प्रक्रियेतच अडथळा आणते. त्या गुणामुळे ते प्रोस्टेटच्या कर्करोगातही वापरून पाहिले गेले. कोंड्यासाठी 2 टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू बाजारात आला, तेव्हा एक प्रश्न साहजिकच पुढे आला : पोटात घेतल्यावर पुरुषी संप्रेरक रोखणारे औषध डोक्याला लावले, तर मुळांपाशी तेच काम करील का?

बेल्जियममधल्या लीज विद्यापीठातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी 1998 मध्ये याचे पहिले लक्षणीय उत्तर दिले. किटोकोनॅझोल शाम्पू दीर्घकाळ वापरणाऱ्यांच्या केसांची घनता, जाडी आणि वाढीच्या अवस्थेतल्या मुळांचे प्रमाण सुधारले. ही सुधारणा केस वाढवण्यासाठी 2 टक्के मिनॉक्सिडिल हे औषध लावणाऱ्यांमधल्या सुधारणेच्या जवळपास होती. अभ्यास छोटा असला, तरी त्याचा प्रभाव फार मोठा पडला.

गोळी आणि शाम्पू यांची जोडी भारतातही तपासली गेली. दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातल्या खांडपूर, सुमन आणि रेड्डी यांनी 100 पुरुषांचा वर्षभराचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या 30 जणांना नुसते फिनास्टेराइड, 36 जणांना फिनास्टेराइड आणि मिनॉक्सिडिल, 24 जणांना नुसते मिनॉक्सिडिल, तर 10 जणांना फिनास्टेराइडसोबत किटोकोनॅझोल दिले होते. दोन्ही जोड्या एकेकट्या औषधापेक्षा सरस ठरल्या. पण शाम्पूच्या गटात माणसे होती अवघी दहा. आज ठिकठिकाणी लिहून दिल्या जाणाऱ्या गोळी-शाम्पूच्या जोडीमागचा थेट पुरावा इतका तुटपुंजा आहे, हे रुग्णांना सांगायलाच हवे. शाम्पूचा उपयोग डीएचटी अडवल्यामुळे होतो, की डोक्यावरची मॅलेसेझिया बुरशी आणि तिच्यामुळे होणारा दाह कमी झाल्यामुळे, याचाही निकाल लागलेला नाही. कोंडा आणि खाज असलेल्या माणसाला फायदा होण्याची शक्यता अधिक, असे मानायला जागा आहे. या उपचारात गोळीचे काम मुख्य, शाम्पूचे पूरक.

पण उपचाराआधी केस कशामुळे जात आहेत, हे पाहावे लागते. मराठवाड्यातल्या छत्रपती संभाजीनगरात केस गळण्याचे खापर सहसा पाण्यावर फुटते. जायकवाडी धरणाचे पाणी नळाला काही दिवसांआड येते आणि मधल्या दिवसांत बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर भागवावे लागते. क्षारयुक्त पाण्याने केस राठ होतात, तुटतात. मात्र कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकणारे किंवा टाळूवर विरळ होत जाणारे टक्कल पाण्यामुळे येत नाही. भिंगाखाली फरक स्पष्ट दिसतो : टाळूवर जाड केसांच्या शेजारीच लवेसारखे बारीक केस असतात, कारण डीएचटीमुळे मुळे एकेक करून आक्रसत जातात. मानेच्या वरचे, मागचे केस मात्र जसेच्या तसे राहतात. चाई पडते तेव्हा तुळतुळीत गोल चट्टा दिसतो आणि तिथे संप्रेरक रोखण्याचा काही उपयोग नसतो.

निदान आधी का हवे, याचे ठसठशीत उदाहरण शेजारच्या विदर्भात घडले. बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत डिसेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात काही दिवसांतच बायका-पुरुषांचे केस हातात येऊ लागले. सुरुवातीला संशय पाण्यावर आणि बुरशीवर गेला. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम कित्येक पटींनी वाढलेले आणि जस्त घटलेले आढळले. त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. हेच सेलेनियम सल्फाइडच्या रूपात कोंड्याच्या शाम्पूत वर्षानुवर्षे वापरले जाते. डोक्याला लावून धुऊन टाकणे वेगळे आणि रोज पोटात जाणे वेगळे.

किटोकोनॅझोललाही हाच भेद लागू आहे. त्याच्या गोळ्यांनी यकृताला इजा होऊ शकते, म्हणून युरोपच्या औषध नियामकाने 2013 मध्ये बुरशीसंसर्गासाठी त्या थांबवण्याची शिफारस केली. शाम्पूतून औषध शरीरात जवळजवळ शिरतच नाही. मात्र तो लावण्याची रीत पाळावी लागते. ओल्या केसांत बोटांच्या पेरांनी थेट त्वचेला चोळून तीन ते पाच मिनिटे ठेवायचा आणि मग धुवायचा. तोही आठवड्यातून साधारण दोनदा. लावला की लगेच धुऊन टाकल्यास औषधाला त्वचेवर काम करायला वेळच मिळत नाही.

फिनास्टेराइडचे दुष्परिणाम अधिक गंभीरपणे घ्यायला हवेत. काही पुरुषांची कामेच्छा मंदावते. 2012 मध्ये अमेरिकेतल्या औषधाच्या माहितीपत्रकात गोळी बंद केल्यावरही टिकलेल्या लैंगिक तक्रारींची नोंद झाली. मे 2025 मध्ये युरोपीय नियामकाच्या समितीने आत्महत्येचे विचार हा या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. गरोदर स्त्रीने फुटलेली गोळी हाताळू नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना या गोळीबद्दल डॉक्टरांना सांगणे आवश्यक, कारण तिच्यामुळे तो आकडा सुमारे निम्म्याने कमी दिसतो. स्त्रियांमध्ये टकलासाठी काही वेळा स्पायरोनोलॅक्टोन हे पुरुषी संप्रेरक अडवणारे औषध वापरतात. तेही गरोदरपणात टाळावे लागते.

टक्कल बरे करण्याचा दावा औषधाने करू नये, असे भारताच्या 1945च्या औषध नियमांतले ‘जे’ परिशिष्ट सांगते. हा नियम वैद्यकीय वास्तवाला धरूनच आहे. गोळी केस टिकवते, काही प्रमाणात दाट करते; परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात आणि ती थांबवली की साधारण वर्षभरात मिळवलेले केस पुन्हा जातात. उपचार सुरू करणाऱ्याने हा हिशेब आधी समजून घ्यावा, नैराश्याचा पूर्वेतिहास असल्यास तो डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावा आणि गोळी चालू असताना मन खचू लागल्यास ती थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे.