बाळापूर : एका जुन्या गांवांतील फेरफटका

इटलींतील जुन्या शहरांच्या गल्ल्यांतून हिंडतांना एखाद्या वळणावर अकस्मात् रोमन काळचा स्तंभ पुढें उभा राहतो, असें प्रवासी सांगतात. असा लाभ घेण्यास वऱ्हाडच्या मनुष्यानें समुद्र ओलांडावयास नको. अकोल्याहून सुमारें १६ मैलांवर, मन व म्हैस या नद्यांच्या संगमीं, बाळापूर वसलें आहे.

प्रथम नजरेंत भरतो तो उंचवट्यावरील विटांचा किल्ला. आंतला कोट पांच कोनांचा, बाहेरचा दहा कोनांचा. औरंगजेबाचा पुत्र आझमशहा यानें त्याचा आरंभ केला आणि १७५७ सालीं एलिचपूरचा नबाब इस्माईलखान यानें तो पुरा केला, असें सांगतात. हें वैभव पाहून बहुतेक लोक परत फिरतात. किल्ल्याच्या पायथ्याशीं मात्र बाळादेवीचें एक साधें देऊळ आहे, आणि गांवाचें नांव नबाबावरून नव्हे, शाहजाद्यावरूनही नव्हे, तर या देवीवरून पडलें आहे!

दुसरें आश्चर्य नदीकांठीं भेटतें. कापसाच्या या मुलुखांत राजपुती घाटाची, सुमारें ३३ फूट लांबीरुंदीची काळ्या दगडाची छत्री कोठून आली? परंपरेनें ती मिर्झा राजा जयसिंगाची मानली जाते. १६६५ सालीं शिवाजी महाराजांशीं पुरंदरचा तह करणारा तोच हा सेनापति. छत्री म्हटली कीं ती समाधि असावी असें पाहणारास वाटतें. परंतु जयसिंगाचा अंत १६६७ सालीं बऱ्हाणपुरास झाला. दगड खरा, पण त्याचा अर्थ विचारूनच घ्यावा लागतो, हा धडा येथें मिळतो.

गांवाभोंवतालचीं शेतेंही मुकीं नाहींत. १७२० च्या ऑगस्टांत याच परिसरांत निजामुल्मुल्कानें आलमअलीखानाचा पराभव केला. आलमअलीच्या बाजूस मराठ्यांची फौजही होती. पुढें १७२४ सालीं साखरखेर्ड्याच्या लढाईनें निजामाची दक्षिणेंतील सत्ता दृढ झाली. तिची पहिली पायरी बाळापुराजवळ घातली गेली.

एका मोठ्या पुरानें छत्रीच्या पायास पूर्वीं इजा पोंचली होती. पूर कोणाच्या हातीं नाहीं. परंतु खांबांवर नांवें कोरणें आणि जुन्या भिंतींच्या विटा काढून नेणें हें माणसाच्याच हातीं आहे. शिक्षकांनीं मुलांना एकदां येथें आणावें, आणि कोणतें बांधकाम कोणी व कां केलें, हें त्यांच्याकडूनच शोधून घ्यावें. ज्या दगडाची कथा मुलास ठाऊक झाली, त्यावर तें खिळा चालविणार नाहीं.