पावसाच्या आधी गाडीचा वायपर बदला, पण कोणता घ्यायचा?



१६ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत आपल्या मध्य प्रदेशात नदी-धरणातली मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत आपण जाळी शिवतो, डोंगा दुरुस्त करतो, थर्माकोलच्या पेट्या धुऊन ठेवतो. पण जी गाडी आपला माल नागपूरच्या बाजारात नेते, तिच्या वायपरकडे कोणी पाहत नाही. पहिला जोराचा पाऊस आला की मग कळतं, वायपर फिरतो आहे पण काच काही पुसत नाही.

बरं, बंदीत गाडी उभीच राहते असंही नाही. मत्स्यबीज आणायचे दिवस हेच. जुलै-ऑगस्टमध्ये, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून, रात्रीच्या गारव्यात. म्हणजे रात्र, पाऊस आणि घाई, तिन्ही एकाच वेळी.

मागच्या जुलैत मी स्वतः बीजाच्या पिकअपमध्ये बसलो होतो. सावनेरच्या अलीकडे पाऊस आला. ड्रायव्हरच्या बाजूच्या वायपरचं रबर एका टोकाला सुटलेलं होतं. समोरून ट्रक आला की त्याचा उजेड ओल्या काचेवर पसरायचा आणि दोन-तीन सेकंद सगळं पांढरं. ड्रायव्हरभाऊ शहाणा, त्यानं गाडी धाब्यापाशी लावली. पाऊस उतरेपर्यंत तासाच्या वर गेला. पिशवीतला ऑक्सिजन कोणाची वाट पाहत नाही. तलावावर पोचून पिशव्या उघडल्या तर कितीतरी बोटुकली उलटी तरंगत होती. माणसं नीट घरी आली, हे आपलं नशीब.

हिशोब साधा आहे. ताशी ६० किलोमीटरच्या वेगानं गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढं जाते. दोन सेकंद दिसलं नाही म्हणजे ३३ मीटर आंधळेपणानं. तेवढ्यात म्हैस येते, बंद पडलेला ट्रॅक्टर येतो, नाहीतर पुलाचा कठडा येतो.

रबर पावसात नाही, उन्हाळ्यात मरतं

लोकांना वाटतं वायपर पावसात फिरून झिजतो. थोडाफार झिजतोच. पण खरं नुकसान मे महिन्यात होतं. आपल्या पांढुर्णा-सौंसरकडं पारा ४४-४५ वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीची काच त्याहून जास्त तापते. त्या काचेला रबर दिवसभर चिकटून पडलेलं असतं. ऊन आणि हवा लागून रबर कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात, आणि ते ज्या बाजूला वाकून पडलं आहे तसंच वाकडं राहतं.

हे वाकडं राहणं का वाईट? वायपरच्या रबराला खाली एक पातळ ओठ असतो. पातं डावीकडे जाताना तो ओठ उजवीकडे झुकतो, आणि परत येताना डावीकडे. प्रत्येक फेरीला असा पलटला तरच काच पुसली जाते. कडक झालेला ओठ पलटत नाही, मग पातं काचेवर उड्या मारतं आणि ‘कुर्र कुर्र’ आवाज करतं.

म्हणून सवय अशी ठेवा: दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात रबर पाहायचं. जाळी शिवायला काढली की त्याच दिवशी वायपरही पाहायचा. बोट फिरवून पाहा. ओठ मऊ असेल, धार सरळ असेल, तर ठेवा. कडक, फाटका किंवा वाकडा असेल तर बदला.

बदलण्याआधी काच धुवा

दुकानात जायच्या आधी हे एक काम करा. अनेकदा दोष वायपरचा नसतोच. पुढच्या ट्रकचा धूर, रस्त्यावरचं ऑइल, माशाचे चिकट हात, यांचा पातळ थर काचेवर बसतो. भांडी घासायचा साबण आणि पाणी घेऊन काच घासा, रबराचा ओठही ओल्या फडक्यानं पुसा. मग पाणी मारून वायपर चालवा आणि काय दिसतं ते ओळखा:

– एकच बारीक रेघ राहते: रबराला कचरा चिकटला आहे किंवा तिथं फाटलं आहे.
– रुंद पट्टा पुसलाच जात नाही: पात्याची फ्रेम वाकली आहे किंवा दांडीची स्प्रिंग ढिली आहे.
– सगळीकडे धुरकट राहतं: काचेवर अजून तेलकट थर आहे, पुन्हा धुवा.
– एकाच दिशेनं जाताना थरथरतं: दांडी पिळली गेली आहे. अशा वेळी नवं पातं घालून उपयोग नाही, मिस्त्रीकडून दांडी सरळ करून घ्या.
– आतून वाफ धरते: हा वायपरचा दोष नाही. ओले कपडे, ओले क्रेट, बर्फाचं पाणी, यांची दमट हवा केबिनमध्ये कोंडते. खिडकी थोडी उघडा, पंख्याची हवा काचेवर सोडा.

‘स्पोर्ट्स’ वायपरची भानगड

आता मुख्य मुद्दा. त्या बीजाच्या रात्रीनंतर आम्ही दुसऱ्याच दिवशी दुकानात गेलो. दुकानदारानं एक काळा, चपटा, वर पंखासारखी पट्टी असलेला वायपर काढला. म्हणाला, भाऊ, स्पोर्ट्स कारला लागतो तो हाच, एकदम भारी. आम्ही घेतला. घरी लावला तर तो जुन्यापेक्षा दोन इंच लांब. वायपर चालू केला की टोक काचेच्या कडेच्या रबरावर आपटायचं. पैसे गेले, आणि जुनं पातंही दुकानातच राहिलं.

वायपर वाईट नव्हता. तो आमच्या गाडीचा नव्हता, एवढंच.

स्पोर्ट्स कारची काच खूप तिरपी आणि गोलाकार असते. गाडी जोरात पळते तेव्हा हवा त्या काचेवरून सुसाट वर चढते आणि पात्याखाली शिरून त्याला उचलायला पाहते. पातं उचललं की पाणी पुसलं जात नाही. म्हणून त्या गाड्यांना बिनफ्रेमचं चपटं पातं देतात. त्याच्या आत पोलादी पट्टी असते, ती गोल काचेवर सगळीकडे सारखा दाब देते. वरची पंखासारखी पट्टी हवेच्या जोरानंच पात्याला काचेवर दाबून धरते. म्हणजे ती पट्टी शोभेची नाही, तिला काम आहे.

पण आपली पिकअप? तिची काच बरीच उभी आणि सपाट. वेग ५०-६०. या वेगात पातं उचललं जाण्याचा प्रश्न क्वचितच येतो. म्हणून निव्वळ त्या पट्टीसाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. चपट्या पात्याचे दुसरे फायदे आहेत. त्याला सांधे नसतात, त्यामुळं चिखल, पालापाचोळा अडकत नाही. पण त्याचा बाक आपल्या काचेच्या बाकाशी जुळला पाहिजे. सपाट काचेवर जास्त बाकाचं पातं बसवलं तर टोकं दाबली जातात आणि मधला भाग नीट टेकत नाही. नेमका तोच भाग ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर असतो.

जुन्या पद्धतीचं लोखंडी फ्रेमचं पातं दिसायला साधं. पण सपाट काचेवर ते चांगलं काम करतं, तालुक्याच्या दुकानातही मिळतं. शिवाय त्यातल्या बऱ्याच पात्यांचं नुसतं रबर बदलता येतं. फ्रेम सरळ असेल, गंजलेली नसेल, तर रबरावर भागतं. तिसरा प्रकार दोन्हीच्या मधला, आत फ्रेम आणि वर प्लास्टिकचं कवच. तोही चालतो.

एक मात्र खरं. कुणाच्या पोराकडं नागपुरात किंवा पुण्यात खरोखर स्पोर्ट्स कार असेल, तर त्याला उलटा सल्ला द्या. तिथं साधं फ्रेमचं पातं घालून पैसे वाचवू नको, कंपनीनं सांगितलेलंच घे. नियम दोघांनाही एकच: गाडीची काच आणि दांडी सांगेल ते पातं.

दुकानात जाताना चार गोष्टी

पहिली, लांबी. पात्याचं रबर या टोकापासून त्या टोकापर्यंत टेपनं मोजा. पाकिटावर इंच किंवा मिलिमीटर लिहिलेलं असतं: १६ इंच म्हणजे सुमारे ४०० मिलिमीटर, १८ म्हणजे ४५०, २० म्हणजे ५००. दोन्ही बाजूंची पाती वेगवेगळी मोजा, बऱ्याच गाड्यांत ती सारखी नसतात. लांब पातं जास्त पुसेल असं समजू नका. ते कडेला आपटतं, दुसऱ्या पात्यात अडकतं, आणि मोटरवर भार टाकतं.

दुसरी, आकडा. दांडीचं टोक पाहा. बऱ्याच गाड्यांत ते गळासारखं वळलेलं असतं. काहींत बाजूनं खिळा असतो, काहींत दाबायचं बटण. गळाच्या आकड्यातही रुंदी-जाडीचा फरक असतो. पाकिटात दोन-तीन जोड दिलेले असतात, पण आपला जोड त्यात आहे का ते दुकानातच लावून पाहा.

तिसरी, जुनं पातं सोबत न्या आणि परत आणा. गळाचा आकार मासा पाहून ठरवतो ना, तसंच हे. नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही, कारण एकाच नावाच्या जुन्या-नव्या गाड्यांत फरक असतो.

चौथी, तारीख. पाकिटावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचा. रबर दुकानात पडूनही म्हातारं होतं. पाकिटातून दिसत असेल तर ओठ सरळ आहे का पाहा. दोन उन्हाळे काचेच्या शोकेसमध्ये तापलेलं पातं स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

लावताना

सगळ्यात आधी काचेवर जाड फडकं घडी करून ठेवा. पातं काढल्यावर दांडी नुसतं लोखंड असते आणि तिची स्प्रिंग जोरदार. हातातून सुटली तर काच तडकते, आणि काचेचा खर्च पात्याच्या कितीतरी पट.

दांडी उभी करा. पातं दांडीला आडवं फिरवा, मधली छोटी पट्टी दाबा आणि पातं दांडीच्या बुडाकडं सरकवा, आकडा सुटतो. नवं पातं उलट दिशेनं ओढा, ‘कट्’ आवाज आला की बसलं. हलकेच ओढून खात्री करा. काही मोटारींत दांड्या बोनेटखाली दडलेल्या असतात, त्या जबरदस्तीनं उचलू नका. आधी गाडीच्या पुस्तकात पाहा.

आणि हो, रबरावर प्लास्टिकचं संरक्षक कव्हर असेल तर ते काढा! हसू नका, बरेच जण तसंच चालवतात आणि कंपनीला शिव्या देतात.

लावल्यानंतर

कोरड्या काचेवर वायपर चालवू नका. आपल्या रस्त्यावरची धूळ म्हणजे रेगमाल, ती काचेवर कायमचे ओरखडे पाडते आणि रात्री समोरचा उजेड त्या ओरखड्यांत फुटतो. आधी पाणी मारा, मग पुसा.

रबर मऊ करायला डिझेल किंवा रॉकेल लावायची सवय काही ड्रायव्हर लोकांना आहे. तासभर बरं वाटतं, पण त्यानं रबर फुगतं आणि लवकर जातं. काचेवर तंबाखू चोळणं हाही अडल्या रात्रीचा उपाय, रोजचा नाही. उन्हाळ्यात गाडी सावलीत लावा. जास्त दिवस उभी राहणार असेल तर दांड्या वर उचलून ठेवा, म्हणजे ओठ वाकडा होणार नाही.

शेवटी कायद्याचंही ऐकून ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे पुढची काच असलेल्या मोटारगाडीला चालणारा वायपर असलाच पाहिजे, आणि मालगाडीच्या फिटनेसलाही तो तपासतात. पण मंडळी, आपण तो चालानच्या भीतीनं बदलायचा नाही.

पांढुर्ण्याहून येणारा रस्ता आणि सौंसरहून येणारा रस्ता, दोन्ही सावनेरला मिळतात आणि तिथून पुढं नागपूरपर्यंत रात्रभर ट्रकांची रांग असते. बंदी १५ ऑगस्टला उठते, पण पाऊस काही त्या दिवशी उठत नाही. पोळा होतो, जामनदीवर गोटमार होते, तरी पाऊस असतोच. आपल्या गाड्या त्याच दिवसांत सगळ्यात जास्त पळतात.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. गाडीजवळ जा, बोटानं रबर तपासा, टेप घेऊन दोन्ही पाती मोजा आणि आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवा. गाडी स्वतःची असो की भाड्याची, ड्रायव्हरभाऊला विचारा, रात्री नीट दिसतं का? तो नाही म्हणाला तर त्या रात्री माल भरू नका.

गाडीच्या वायपरची काही अडचण असेल तर खाली लिहा, सोबत दांडीच्या टोकाचा फोटो टाका. ज्याला माहीत असेल तो सांगेल.