डागडुजी कोणी करायची?

गिरगाव, लालबाग, परळ किंवा डोंगरीतल्या जुन्या चाळीत वाढलेल्या मुलाला 'घरमालक' म्हटले की भाडेपावती आठवते, फार तर महिन्याकाठी येणारा मेहताजी आठवतो. प्रत्यक्ष मालक पाहिलेला भाडेकरू विरळाच. आपल्यापैकी बरेच जण अशाच चाळींतून कॉलेजात येतात. म्हणून मालक दुरुस्ती करीत नसेल तर कायदा काय सांगतो आणि व्यवहारात काय होते, ते मांडण्याचा हा प्रयत्न.

मालक दुरुस्ती का करीत नाही, हे आधी पाहिले पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. ती जवळजवळ अर्धशतक तशीच राहिली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणे आता अवाजवी झाल्याचे म्हटले. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. पण मूळ भाडे साठ रुपये असेल तर चार टक्के म्हणजे दोन रुपये चाळीस पैसे! इमारत उभी असेपर्यंत मालकाच्या हाती फारसे काही पडत नाही. ती पडली की खालची जमीन मोकळी होते. दुर्लक्ष करणे हाच त्याचा फायद्याचा मार्ग ठरतो.

अर्थशास्त्राच्या तासाला भाडे नियंत्रणाचे दुष्परिणाम शिकवतात, ते खरेच आहेत. मात्र फळ्यावरच्या त्या आकृतीत जिना नसतो. पहाटे पाणी आले की हंडे घेऊन त्या जिन्यावरून बायका चढतात. आणि भाडे कमी असले तरी पागडी कमी नव्हती. खोली एका हातातून दुसऱ्या हातात गेली की मालकाचा वाटा ठरलेला. साठ रुपयांचे रडगाणे गाणारे मालक हा हिशेब सांगत नाहीत.

आता कायदा. १९९९ च्या कायद्याचे कलम १४ म्हणते की, उलट करार नसेल तर जागा राहण्याजोग्या चांगल्या स्थितीत ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. 'उलट करार नसेल तर' हे शब्द महत्त्वाचे. ट्रंकेच्या तळाशी आजोबांच्या नावाचा जुना कागद असतो, तो आधी वाचावा. आतली दुरुस्ती भाडेकरूने करावी अशी ओळ त्यात असू शकते. तशी नसेल तर एकट्याने किंवा सर्वांनी मिळून मालकाला टपालाने नोटीस द्यावी. पंधरा दिवसांत त्याने काम केले नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात. हिशेब आणि पावत्या नीट ठेवल्या तर खर्चाचा तोच निर्णायक पुरावा ठरतो.

ऐकायला हे फार छान वाटते. पण पुढे एक अट आहे: वळती करण्याची रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नसावी. समजा भाडे ऐंशी रुपये. वर्षाचे झाले नऊशे साठ, चौथा हिस्सा दोनशे चाळीस. वीस बिऱ्हाडे एकत्र आली तरी चार हजार आठशे रुपये. तेवढ्यात गवंडी किती दिवस येईल आणि सिमेंट किती येईल, हे ज्याच्या त्याच्या घरी विचारावे. भाडे आणि मजुरी यांचा काही मेळ होता त्या काळात हा उपाय चालत असेल. आज एखादी फळी, एखादा नळ यापुरताच तो उरला आहे. तरीही नोटीस द्यावी असे माझे मत आहे, कारण पुढे कुठेही गेलो तरी 'मालकाला कळवले होते काय?' हाच पहिला प्रश्न येतो.

आमच्या घरात असा कागद वाचणारी मीच पहिली. मागच्या सज्जाचे लाकूड कुजले तेव्हा चाळीच्या वतीने नोटीस मी लिहिली. सह्या मिळवणे लिहिण्याहून अवघड गेले. "पोरी, सही केली तर खोली जाईल का गं?" असे शेजारच्या आजींनी दोनदा विचारले. कायद्याचे उत्तर 'नाही' असेच आहे. खोली काढून घेण्याची कारणे कायद्यात दिलेली आहेत आणि दुरुस्ती मागणे हे त्यांत नाही.

खोली जाण्याचा धोका असतो तो वेगळ्याच ठिकाणी. रागाच्या भरात भाडे थांबवणे हा त्यातला सर्वांत मोठा. थकबाकीची लेखी नोटीस मिळाल्यापासून नव्वद दिवसांत ते भरले नाही तर मालकाला दावा लावता येतो. मेहताजी भाडे घेतच नसेल तर मनिऑर्डर करावी आणि परत आलेला कागद जपून ठेवावा. दुसरा धोका म्हणजे दुरुस्तीच्या निमित्ताने मालकाच्या लेखी संमतीवाचून नवे पक्के बांधकाम काढणे. उलट मालकाने पाणी, वीज किंवा जिन्यावरचा दिवा तोडला तर तो गुन्हा आहे; त्यासाठी लघुवाद न्यायालयात अर्ज करता येतो.

तुळया आणि खांबच गेले असतील तर चौथ्या हिश्शाचा प्रश्नच येत नाही. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या इमारतींसाठी १९६९ साली उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. १९७७ पासून ते म्हाडाच्या अखत्यारीत आहे. मंडळाला दुरुस्तीचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंतच करता येतो. पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी निघते, टेकू लागतात, काही कुटुंबे संक्रमण शिबिरात जातात आणि कित्येकांचा तिथेच जन्म सरतो. म्हणून यादीत नाव आले तरी लोक हलत नाहीत. २०१७ साली भेंडीबाजारात आणि २०१९ साली डोंगरीत इमारती कोसळून माणसे गेली, तेव्हा 'लोक वेळेवर निघत का नाहीत' असे सगळ्यांनी विचारले. निघालेल्यांचे काय होते, हे फारसे कोणी विचारले नाही. पुण्यातल्या वाड्यांना तर हे मंडळही नाही.

महापालिकेने इमारत अतिधोकादायक ठरवून रिकामी करायला लावली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही. इमारत पाडली म्हणून भाडेकरार संपुष्टात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आहे. मात्र तो हक्क सांगायला कागद लागतो. बाहेर पडण्यापूर्वी आपले नाव आणि खोलीचे मोजमाप पालिकेच्या यादीत चढले आहे की नाही ते स्वतः पाहावे, त्याची प्रत मागून घ्यावी, आणि भाडेपावत्यांची पिशवी भांड्यांच्या आधी बाहेर काढावी.