बाटली थोडी गळायलाच हवी!

घरातला मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि कालची भाजी गरम करतो. अमेरिकेत बर्कलीच्या लॅबमध्ये 'व्हीनस' नावाचं यंत्र आहे, त्यात २८ गिगाहर्ट्झचे मायक्रोवेव्ह सोडतात. तिथे तापतात ते इलेक्ट्रॉन. त्यांच्याच जोरावर तिथल्या टीमने ११६ नंबरच्या मूलद्रव्याचे, म्हणजे लिव्हरमोरियमचे, दोन अणू बनवल्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं. हो, दोनच. तेही २२ दिवस बीम चालवून.

रेसिपी ऐकायला सोपी आहे. २२ नंबरचं टायटॅनियम ९४ नंबरच्या प्लुटोनियमवर आदळायचं, बेरीज ११६. पण आदळायला वेग हवा आणि वेगासाठी चार्ज हवा. सायक्लोट्रॉनमधून मिळणारी ऊर्जा चार्जच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट चार्ज तर चौपट ऊर्जा. म्हणून टायटॅनियमच्या २२ पैकी १२ इलेक्ट्रॉन आधी उडवावे लागतात.

ते एका फटक्यात निघत नाहीत. साधारण एका धडकेला एक. आणि प्रत्येक पुढचा आधीच्यापेक्षा हट्टी, कारण आयन जितका पॉझिटिव्ह होतो तितका उरलेल्यांना घट्ट धरतो. म्हणजे त्याला काही मिलिसेकंद तरी थांबवून ठेवायला हवं. अणूंच्या दुनियेत हा चक्क मुक्काम झाला! मध्येच तो भिंतीला लागला तर तिथून इलेक्ट्रॉन उचलतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

ठेवायचं कशात? चुंबकाच्या अदृश्य बाटलीत. दोन्ही टोकांना कॉइल, कडेने सहा ध्रुवांचा चुंबक. मध्यभागी क्षेत्र सगळ्यात कमी, कुठूनही बाहेर निघालं की वाढत जाणारं. त्यात इलेक्ट्रॉन गरगर फिरतात. जिथे त्यांच्या फेऱ्यांचा ठेका मायक्रोवेव्हशी जुळतो (२८ गिगाहर्ट्झला तो १ टेस्लावर जुळतो), तिथे त्यांना नेमक्या क्षणी धक्का बसतो, झोपाळ्याला देतो तसा. फ्रान्समध्ये ग्रनोबलला रिचर्ड गेलर यांनी हे तंत्र उभं केलं. आपल्याकडे मुंबईच्या टीआयएफआरमध्येही या जातीचा आयन सोर्स आहे.

खरी गंमत पुढे आहे. चुंबक नीट धरतो तो इलेक्ट्रॉनांना. आयन जड असतात, सारखे एकमेकांना धडकत असतात, ते चुंबकाला तितकं जुमानत नाहीत. मधोमध अडकलेल्या तापलेल्या इलेक्ट्रॉनांचा निगेटिव्ह चार्ज त्यांना रोखतो, असं सर्वसाधारण चित्र मांडलं जातं. त्यामुळे आयन थंड राहिले तरच टिकतात. १९८० च्या दशकात नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला दिसलं की जड वायूत थोडा हलका वायू मिसळला की जास्त चार्जचे आयन वाढतात. हलके आयन उष्णता घेऊन पळतात आणि जड मागे थंड होतात, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण. मला तर ही युक्ती यंत्राच्या इतर कुठल्याही भागापेक्षा भारी वाटते.

आणि बाटली अगदी घट्ट असून चालत नाही. आयन बाहेर आलेच नाहीत तर बीम कसला? सर्नमध्ये शिशाच्या आयनांसाठी उलटी चाल खेळतात. मायक्रोवेव्ह अचानक बंद! इलेक्ट्रॉनांची पकड सुटते आणि साठलेले आयन एका लाटेत बाहेर येतात.

बर्कलीची नजर आता १२० वर आहे, अजून कुणीही न बनवलेल्या मूलद्रव्यावर. आजवरचं लाडकं कॅल्शियम २० नंबरचं, ते ९८ च्या कॅलिफोर्नियमवर मारलं तरी ११८ ला थांबतं. टायटॅनियम मारलं तर बरोब्बर १२०. त्यासाठी व्हीनसच्या छोट्या भट्टीत टायटॅनियम सुमारे १६५० अंशांपर्यंत तापवून त्याची वाफ करावी लागते आणि मग तीच बारा इलेक्ट्रॉनांची झटापट.